ब्रोकरकडून जुनी गाडी घेताय? पहिल्या फोनपासून आरसी नावावर होईपर्यंत काय काय बघायचं

माझ्या मावसभावाने काही वर्षांपूर्वी एका ब्रोकरकडून स्विफ्ट घेतली. गाडी खरंच चांगली होती, आजही चालू आहे, पण ती त्याच्या नावावर व्हायला जवळपास दीड वर्ष गेलं. ब्रोकरने त्याला सही केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला लागतात ते) दिले होते, पैसे रोख घेतले होते आणि "महिन्याभरात नाव लागेल साहेब" म्हणून सांगितलं होतं. नंतर कळलं की फॉर्मवर ज्या माणसाची सही होती तो गाडी विकल्यानंतर वारला होता, मधे दोन जणांनी ती गाडी नावावर न करता तशीच वापरून पुढे विकली होती आणि आरटीओचा ओटीपी जात होता तो त्या मयत माणसाच्या बंद पडलेल्या नंबरवर. मग वारसांच्या घरी चकरा, त्यांची समजूत काढणं, मृत्यूचा दाखला, ३१ नंबरचा फॉर्म भरून आधी गाडी वारसाच्या नावावर आणि मग भावाच्या नावावर. ब्रोकरने तोपर्यंत फोन उचलणं बंद केलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात कोणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की कागद मी बघतो. मी मेकॅनिक नाही, पण आतापर्यंत घरच्यांच्या आणि मित्रांच्या मिळून सात-आठ गाड्या झाल्या आणि सगळ्या ब्रोकरमार्फतच. ब्रोकर वाईट असतात असं माझं म्हणणं अजिबात नाही, चांगला ब्रोकर तुमचे महिनाभराचे हेलपाटे वाचवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ब्रोकर गाडी दाखवतो, पण व्यवहार आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या दाखल्यावर, ज्याचं नाव आहे त्याच्याशी करायचा आणि पैसेही त्याच्याच खात्यात टाकायचे. खालचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

समोरचा माणूस नक्की कोण आहे

पहिल्या फोनवरच विचारा, गाडी कुणाची आहे आणि आत्ता कुठे उभी आहे. ब्रोकर म्हणवणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एक निव्वळ दलाल, म्हणजे गाडी मालकाच्या पार्किंगमध्येच असते, हा फक्त दोन पार्ट्या एकत्र आणतो आणि टक्का-दोन टक्के किंवा ठरलेली रक्कम घेतो. दुसरा ज्याने गाडी मालकाकडून किंवा शोरूमच्या एक्स्चेंजमधून आधीच उचललेली असते, स्वतःच्या जागेत लावलेली असते आणि वरचा फरक हा त्याचा नफा असतो. हा "गाडी आपलीच आहे" म्हणतो, पण आरसीवर नाव जुन्या मालकाचं असतं आणि याच्या ड्रॉवरमध्ये मालकाच्या सहीचे कोरे फॉर्म असतात.

या दुसऱ्या प्रकारासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. जुन्या गाड्यांचा डीलर म्हणून आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, ते फॉर्म २९बी मध्ये मिळतं आणि पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून २९सी मध्ये ऑनलाइन कळवायचं असतं, आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरची, कागदोपत्री मालकासारखा तोच समजला जातो. म्हणून गाडी त्याच्या यार्डात असेल तर सरळ विचारा, "२९बी आहे का, आणि या गाडीचं २९सी झालंय का?" हो असेल तर तुमचं काम खूप सोपं होतं, मग पैसे त्या फर्मच्या खात्यात गेले तरी पावती आणि बिल मिळतं. नाही असेल किंवा त्याला हे काय आहे तेच माहीत नसेल तरी गाडी लगेच सोडू नका, पण मग त्याला साधा दलाल समजा आणि आरसीवरच्या मालकाला भेटल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

मालक परदेशात आहे, बाहेरगावी आहे, आजारी आहे, ही कारणं खरीही असतात. पण व्हिडिओ कॉल तर होतो ना? मालकाला त्याच्या फोनवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन हे सरकारी अ‍ॅप उघडून आरसी दाखवायला सांगा, खऱ्या मालकाला हे दोन मिनिटांचं काम आहे.

गाडी बघायला जायच्या आधी घरबसल्या

गाडीचा नंबर मागा. नंबर द्यायला का-कू करणाऱ्या ब्रोकरकडे जाऊच नका. नंबर मिळाला की परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. मालकाचं नाव तुटक दिसतं, पण नोंदणीची तारीख, इंधन, गाडीचा वर्ग, विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी आणि फायनान्स हे दिसतं. शेवटचं फार महत्त्वाचं. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर बोजा आहे का बघतो ना, तसंच आरसीवर बँकेचं नाव म्हणजे बोजा. "लोन कधीच फिटलंय साहेब" हे ऐकून उपयोग नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा काढायचा अर्ज) हातात पाहिजे, आणि बँकेची एनओसी सहसा तीनच महिने चालते त्यामुळे तारीख बघा. लोन चालू असेल तर तुमच्या पैशातून आधी थेट बँकेच्या लोन खात्यात भरणा आणि उरलेले मालकाला, असं ठरवा. ब्रोकरला "तुम्हीच भरून टाका" म्हणून पैसे देऊ नका.

मग ई-चलान. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या चलानच्या साइटवर गाडी नंबर आणि चेसिसचे किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी थकबाकी दिसते. एक्स्प्रेसवेच्या स्पीडची चलानं लागून पंधरा-वीस हजार झालेल्या गाड्या मी स्वतः बघितल्यात आणि मालकाला पत्ताच नसतो, कारण मेसेज जुन्या नंबरवर जातात.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का ते विचारा, नसेल तर आरटीओचं काम अडतं. ती मालकाच्याच नावाने बुक करायची असते म्हणून व्यवहाराच्या आधीच त्याला करायला लावा.

दुसऱ्या राज्याचं पासिंग असेल तर जरा थांबा. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात निघतात आणि आपल्याकडे येतात. किंमत बघून जीव हरखतो, पण तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथे १२ महिन्यांच्या आत नवीन नंबर आणि इथला रोड टॅक्स हे सगळं धरून हिशेब करा. तिथला उरलेला टॅक्स परत मागता येतो पण त्यासाठी तिकडच्या ऑफिसात अर्ज करत बसावं लागतं. मी तरी पहिली जुनी गाडी घेणाऱ्याला आपल्याच राज्याची घ्यायला सांगतो, निदान राज्यातल्या राज्यात नंबर तरी बदलत नाही.

गाडी बघताना

सकाळी जा, उजेडात, आणि ब्रोकरला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर थंड इंजिन चालू करताना काहीतरी त्रास आहे म्हणून आधीच गरम करून ठेवली असू शकते. पाऊस पडत असेल किंवा गाडी नुकतीच धुतलेली ओली असेल तर परत या, ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही.

कागदापासून सुरुवात करा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकेक आकडा जुळवा, आसपास घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच मागे फिरा. चोरीच्या गाडीचा संशय असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोची वाहन समन्वय नावाची सेवा आहे, त्यात नंबर टाकून तपासता येतं. आरसी डुप्लिकेट असेल तर मूळ कुठे गेली ते विचारा. चाव्या दोन आहेत का? लोक याकडे दुर्लक्ष करतात, पण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते.

विम्याची पॉलिसी हातात घेऊन नीट वाचा, ती गाडीबद्दल मालकापेक्षा जास्त खरं बोलते. त्यात नो क्लेम बोनस किती आहे ते बघा. क्लेम न घेतल्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० असा तो चढतो. गाडी सहा वर्षांची, एकच मालक, "एक स्क्रॅच नाही साहेब" आणि बोनस शून्य किंवा २०? मग मागच्या एक-दोन वर्षांत क्लेम झालाय, कशाचा ते मालकाला विचारा. छोट्या डेंटचाही असू शकतो, पण उत्तर मिळालं पाहिजे.

मीटर मागे करणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना रोग. मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचाच नाही, कंपनी सर्व्हिसचा रेकॉर्ड मालकाच्या फोनमधल्या अ‍ॅपवरून किंवा सर्व्हिस सेंटरला मालकाकडूनच फोन करून काढायला लावा, त्यात प्रत्येक तारखेला किती किलोमीटर होते ते येतं. शिवाय टायरवर चार आकडे असतात, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. २०१८ ची गाडी, मीटरवर २८ हजार आणि चारही टायर २०२२ चे, तर पहिले टायर एवढ्यात कसे संपले? क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगचं चकाकणं, ड्रायव्हर सीटची कड हे तिन्ही ८० हजार चाललेल्या गाडीत वेगळंच दिसतं. आणि टुरिस्टची गाडी नंतर प्रायव्हेट करून घेतलेली असेल तर आरसीच्या इतिहासात आणि जुन्या पॉलिसीत सापडते.

ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेट उघडून पुढची आडवी पट्टी, दोन्ही बाजूचे एप्रन (चाकांच्या वरचा आतला पत्रा) आणि बॉनेटचे बोल्ट बघा. बोल्टवरचा रंग उडालेला म्हणजे पाना लागलाय. दारांचं रबर बीडिंग ओढून आतला पिलर (छताला धरणारा खांब) बघा, कंपनीचे वेल्डिंगचे गोल ठिपके एका अंतरावर असतात, ते नसतील किंवा खडबडीत असतील तर पिलरला मार बसलाय आणि अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घरच्यांना बसवायला घेऊ नका. बंपरचा किंवा एखाद्या दाराचा रंग मारलेला असणं मात्र आपल्या शहरांत अगदी नॉर्मल आहे, त्यावरून घाबरू नका, फक्त भाव कमी करा.

पुराची गाडी यापेक्षा फसवी, कारण ती दिसायला छान असते. २०१९ ला कोल्हापूर-सांगली आणि २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून बाजारात येतात आणि त्या लांबच्या शहरात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला मातकट रेघ असेल तर कळतं. मॅट नाही, त्याखालचं कार्पेट उचला, सीट पुढे-मागे सरकायच्या पट्ट्यांचे स्क्रू गंजलेत का बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात चिखल शोधा. एसी बंद करून काचा लावून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास लपत नाही. आणि डॅशबोर्डवर उग्र परफ्यूम ठेवला असेल तर तो आधी बाहेर काढा.

सीएनजी असेल तर किट आरसीवर चढवलंय का आणि टाकीची तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) कधी झालीय त्याची प्लेट बघा.

इंजिनचं मात्र तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीवर सोडा. ब्रोकरचा "आपला माणूस" नको, पाचशे-हजार रुपये देऊन स्वतःचा न्या. तो ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन (इंजिनातून उलटा येणारा दाब) बघेल, धुराचा रंग बघेल (निळा म्हणजे ऑइल जळतंय), स्कॅनर लावून लपवलेले एरर काढेल, आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का हेही बघेल. तो दिवा लागतच नसेल तर बल्ब काढून टाकलाय का याचा शोध घ्या. ट्रायल किमान पंधरा किलोमीटरची घ्या, चढ असलेला रस्ता आणि खराब रस्ता दोन्ही, म्युझिक बंद ठेवून. ब्रोकर सोबत बसून सतत बोलत राहतो, त्याला मागे बसवा आणि नम्रपणे थोडा वेळ शांत राहायला सांगा.

भाव आणि इसार

गाडीची किंमत म्हणजे मागितलेली किंमत नाही, तर गाडी बिनघोर वापरण्याजोगी करेपर्यंतचा खर्च. चार लाख मागितले असतील तर त्यात टायर, बॅटरी, पहिली पूर्ण सर्व्हिस, विमा, ट्रान्सफरचा खर्च आणि ब्रोकरचं कमिशन कागदावर मांडा आणि तो कागद समोर ठेवून बोला, "जरा कमी करा ना" पेक्षा याचा परिणाम कितीतरी जास्त होतो. कमिशन किती आणि कोण देणार हे पहिल्याच भेटीत ठरवा, नंतर दोन्हीकडून घेतलं म्हणून वाद होतात. पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही त्यामुळे तेव्हा भाव बोलायला वाव असतो, आणि दसरा-पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात अजिबात नसतो. तुम्हाला मुहूर्ताचं काही नसेल तर पितृपक्षाचे पंधरा दिवस वापरून घ्या.

"संध्याकाळी दुसरी पार्टी येतीये, टोकन टाकून ठेवा" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. टोकन द्यायला हरकत नाही, पण पाच-दहा हजारांवर नाही, ऑनलाइन, आणि इसार पावती घेऊन. पावतीत गाडी नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, मालकाचं नाव आणि हे एक वाक्य पाहिजेच: कागदपत्रांत किंवा मेकॅनिकच्या तपासणीत दोष निघाला तर इसार पूर्ण परत. हे लिहून द्यायला जो तयार नाही त्याला टोकन देऊ नका, दुसरी पार्टी घेऊन जाऊ दे. गाड्या खूप आहेत.

पैसे

आरसीवरच्या नावाच्या खात्यात, बँकेतून, आधी हजार रुपये पाठवून नाव जुळतंय का बघून मग बाकीचे. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, दंड रोख घेणाऱ्याला होतो, पण त्रास तुम्हालाही आहे कारण रोखीचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. "थोडे रोख द्या, कागदावर कमी दाखवू" यालाही नाहीच म्हणा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ठरलेल्या रकमेतले वीस-पंचवीस हजार आणि ब्रोकरचं पूर्ण कमिशन गाडी तुमच्या नावावर झाल्यावर द्यायचं, हे इसार पावतीतच लिहून घ्या. माझ्या भावाने हे केलं असतं तर ब्रोकरने स्वतः त्या वारसांच्या घरी चकरा मारल्या असत्या.

मालक यावर नाराज होईल असं वाटतं, पण त्याला एक गोष्ट समजावून सांगा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की गाडी विकून पुढे कितीही हातात गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणजे नाव लवकर बदलणं ही तुमच्याइतकीच त्याचीही गरज आहे. हे कळलं की बहुतेक मालक स्वतःहून ओटीपी द्यायला तयार असतात.

नावावर करणं

कोरे सही केलेले फॉर्म घेऊन घरी जाऊ नका. मालक समोर असताना परिवहनच्या साइटवर ट्रान्सफरचा अर्ज त्याच दिवशी भरा, त्यासाठी मालकाचा चालू मोबाईल नंबर गाडीच्या नोंदीत असला पाहिजे, जुना असेल तर आधी तो बदलून घ्यायला लावा. कागद साधारण असे: फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा), दोघांचे ओळखपत्र आणि पॅन, तुमच्या पत्त्याचा पुरावा, आणि बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. कायद्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. सरकारी फी फार नसते, ब्रोकर हजारांत आकडा सांगेल, त्यात त्याच्या एजंटचे पैसे धरलेले असतात. ते द्यायचे असतील तर द्या, पण अर्जाचा नंबर आणि फीची पावती तुमच्या फोनवर आली पाहिजे, म्हणजे अर्ज कुठे अडकलाय ते तुम्हीच बघू शकता.

गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोट करा, त्यात तारीख आणि वेळसुद्धा, अमुक दिवशी दुपारी साडेचार वाजता ताबा दिला असं. त्याआधीची चलानं जुन्या मालकाची, नंतरची तुमची. दोघांच्या सह्या, ब्रोकरची साक्षीदार म्हणून सही, आणि मीटरचा फोटो.

विम्याचं काम त्याच आठवड्यात करा. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीला कळवावं लागतं, नाहीतर पंधराव्या दिवशी गाडी ठोकली तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो गाडीचा नाही, त्यामुळे तेवढा फरक भरावा लागेल.

जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि तुमचा नवीन काढा, नाहीतर तुमच्या टोलचे पैसे त्याच्या खात्यातून कापले जातात आणि एक दिवस टोलनाक्यावर टॅग बंद दिसतो. नवीन आरसी आली की नावाचं स्पेलिंग, पत्ता आणि बोजाचा रकाना रिकामा आहे का ते तपासा, साइटवरही तेच दिसतंय ना ते बघा, आणि मग राखून ठेवलेले पैसे मालकाला आणि कमिशन ब्रोकरला त्याच दिवशी पाठवून टाका.